मातीतलं नाणं

उस्मान हुर्जूकशी माझी ओळख तांदळाच्या पिशवीवरून झाली. वीसेक वर्षं झाली असतील. रमजानचे शेवटचे दिवस आले की जेद्दात रस्त्याकडेला तांदळाच्या लहान पिशव्यांचे ढीग लागतात. ईदच्या नमाजाआधी घरातल्या दर माणसामागे एक पिशवी गरिबाला द्यायची, त्याला फितरा म्हणतात. म्हातारा असो की काल जन्मलेलं पोर, जो जिवंत आहे त्याचा द्यायचा. मी सदानंद, दापोलीकडचा, इथल्या एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात हिशेबनीस. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसलं की एक किडकिडीत दाढीवाला दोन बगलांत दोन पिशव्या मारून फूटपाथवर चढायला बघतोय आणि आपल्याच कमरेला अस्सल आमच्याकडच्या शिव्या घालतोय. परमुलखात आपल्या बोलीतली शिवी कानावर पडली की माणूस विरघळतो. मी पुढे होऊन एक पिशवी घेतली.

चालता चालता विचारलं, घरात किती माणसं. बायको आणि मुलगी गावाला, बाणकोटच्या खाडीकाठी, त्यांचं तिथे आई बघते, असं त्यानं सांगितलं. म्हणजे इथे तो एकटाच. मग पिशव्या दोन कशाला, हा प्रश्न हिशेबनीसाला सुचणारच. म्हणाला, दुसरी भावाची. मी विचारलं, भाऊ कुठं असतो?

"तांच तर बघतंय," तो म्हणाला, आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेऊन गल्लीत वळला.

बरा इरसाल आहे, असं मला वाटलं. पुढे कळलं की तो थट्टा करत नव्हता.

बलदमधल्या, म्हणजे जुन्या जेद्दातल्या, एका अरुंद गल्लीत अम सालेह नावाच्या म्हाताऱ्या सौदीचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. तो उस्मानभाईचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा तो मालक. दुकानात कॉफीच्या पितळी सुरया, जपाच्या तसबी, गंजलेले खंजीर, लाकडी खिडक्यांचे तुकडे असं काय वाटेल ते. पण खरी मजा काचेखालच्या नाण्यांत नि नोटांत होती. हजला आणि उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, सगळी दुनिया येते, आणि प्रत्येकाच्या खिशात त्याच्या देशाचं काहीतरी असतं. कुणाला इथे पैसे कमी पडतात, कुणाला आठवण नको असते. असं गोळा होत होत त्या काचेखाली अर्धं जग जमलं होतं. माझं ऑफिस जवळच. दुपार उलटल्यावर, असरच्या नमाजानंतर दुकानं उघडली की मी तिथे जाऊन बसायचो. घरी बायको, हेमलता, म्हणायची, तुमचं इथे राहायच्या परवान्याचं इकामा-कार्डच तिथे ठेवून या, म्हणजे शोधायला बरं.

उस्मानभाई दुकानात नाण्यांचं बघायचा आणि त्याबाबतीत महा तापट होता. एकदा मी एक कळकट नाणं उचललं, थुंकी लावली आणि पँटवर घासायला गेलो. त्यानं ते माझ्या हातातून असं हिसकावलं की बाजूची पाकिस्तानी बाई दचकून बाहेरच निघून गेली. मग अर्धा तास शिकवणी. नाणं धुवायचं नाही, घासायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही. खाऱ्या किनाऱ्यावर पडलेल्या नाण्याला पांढरट थर धरतो, नदीच्या गाळातलं काळपट असतं, वाळवंटातल्या नाण्याच्या हिरव्या थरात वाळूचे कण अडकलेले असतात. आणि जे माणसाच्या अंगावर राहिलेलं असतं ते तपकिरी, गुळगुळीत, जरा तेलकट. नाणं कुठे राहून आलं ते त्याच्या अंगावर असतं.

"धुतलास का मुका झाला," तो म्हणाला. "मग इचारीत बस त्याला, कुठला तू म्हणून."

हे त्याला अम सालेहनं शिकवलं होतं आणि त्यानं ते कुराणाखालोखाल मानलं होतं. मला काय, मी हो म्हटलं. घरी जाऊन हेमलतेला सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या देवाची भांडी याच्या हाती पडली तर देव ओळखू यायचे नाहीत.

इतक्या देशांच्या नाण्यांत त्याचा जीव मात्र एकाच जातीवर होता. चौकोनी भोकाची चिनी नाणी. काशाची, गोल, मधोमध चौकोन, चार बाजूंना चार चिनी अक्षरं. चीनहून, मलायाहून, इंडोनेशियाहून येणारे हाजी ती कधी कधी आणायचे. इकडच्या भंगारवाल्यांच्या ओंजळीतूनही एखादं निघायचं. तसं नाणं आलं की उस्मानभाई चष्मा लावून दारातल्या उजेडात जायचा, भोकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचा, उलटून पुन्हा फिरवायचा, आणि मुकाट्यानं परत येऊन ते काचेखाली ठेवायचा. ही तपासणी फक्त गुळगुळीत नाण्यांची. हिरवं, खपली धरलेलं चिनी नाणं आलं तर तो त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही. "मातीतला हाय," म्हणायचा आणि दूध पावडरच्या एका रिकाम्या डब्यात टाकून द्यायचा.

त्या तपासणीमागची हकीकत त्यानं मला एकदम कधीच सांगितली नाही. चार-पाच रमजान गेले तेव्हा ती पुरी झाली.

त्याचा आजा बोटीवर खलाशी होता. दुसऱ्या महायुद्धात बोट सिंगापूरला असताना जपानी आले आणि आजा तिथेच अडकला. जपान्यांनी आपल्या नव्या नोटा काढल्या. दहाच्या नोटेवर केळीचं झाड असायचं. आजा गोदीत हमाली करायचा आणि मजुरी त्या नोटांत मिळायची. नोटा साठत गेल्या, तसा त्यांना भाव राहिला नाही. शेवटी जपान हरलं, आणि एका दिवसात ती सगळी रद्दी झाली. आजा गावी परतला तेव्हा त्याच्याकडे दोनच गोष्टी होत्या: केळीच्या नोटांनी भरलेली पत्र्याची पेटी, आणि एका चिनी भटाऱ्यानं, म्हणजे आचाऱ्यानं, सदऱ्याच्या बदल्यात दिलेली भोकाच्या नाण्यांची माळ. आजी व्यवहारी बाई. तिनं नोटा चुलीत घातल्या. एका पेटीवर चार दिवस भात शिजला, आणि जपानच्या राजाचं तेवढंच खाल्लं, असं ती मरेपर्यंत सांगायची. नाणी मात्र तिनं जपली. बलदच्या दुकानात पुढे एका चिनी हाजीनं ती अक्षरं वाचून सांगितलं की ही हजारेक वर्षांपूर्वीच्या राजांची नाणी. आजीला कसला राजा नि कसलं काय. काशाचं आहे, भोक आहे, दोरा ओवता येतो, म्हणजे पोराच्या दृष्टीला चांगलं. अकीक्याच्या दिवशी, पहिलं जावळ उतरलं की ती नातवाच्या कमरेला काळ्या दोऱ्यात एक नाणं बांधायची. मौलवी कुरकुरायचे. ती त्यांनाही चहा पाजून वाटेला लावायची.

नातू दोन. मोठा रफीक, धाकटा उस्मान. दोघं नाण्यांवरून भांडायला लागले तेव्हा आजीनं तांबटाला बोलावून भोकाशेजारी खुणा मारून घेतल्या. रफीकच्या नाण्याला एक टिंब, उस्मानच्या नाण्याला दोन. तांबटाच्या ठशाची कड तुटलेली होती, म्हणून टिंब पुरतं गोल उठलं नाही, बीजेच्या चंद्रासारखं उठलं. मोठेपणी कमरेची नाणी गळ्यात आली, एवढाच फरक. उस्मानभाईचं बनियनच्या आत असायचं. ते मी पाहिलेलं होतं.

रफीक कुवेतला एका घरी ड्रायव्हर होता. नव्वद साली उन्हाळ्यात मालक कुटुंबासह परदेशी फिरायला गेला आणि घराच्या चाव्या रफीककडे देऊन गेला. ऑगस्टात इराकी फौजा आल्या. बाणकोटच्या खाडीकाठची जेवढी माणसं कुवेतला होती ती बसनं, ट्रकनं, बसऱ्यावरून बगदाद आणि पुढे अम्मानला निघाली. त्यांनी रफीकला चल म्हटलं. तो नाही म्हणाला. चावी माझ्याकडे आहे, मालक आल्यावर जाईन, म्हणाला. गावच्या माणसाजवळ त्यानं आईसाठी एक पाकीट दिलं, त्यात कुवेतचे दिनार होते.

पाकीट गावी पोचलं तोवर इराक्यांनी कुवेतचा दिनार रद्द करून आपला चालू केला होता. पुढे लढाई झाली, कुवेत सुटलं, आणि सुटलेल्या कुवेतनंही जुन्या नोटा बाद केल्या, कारण त्यांच्या थप्प्या लुटून नेल्या होत्या. ठरावीक मुदतीत बदलून घ्यायच्या. शेजारपाजारच्यांनी आईला सांगितलं, मुंबईला कुणाबरोबर तरी पाठव. ती म्हणाली, त्याच्या हातच्या आहेत, तो येईल आणि बदलील. मुदत संपली. सासूनं लढाईतल्या नोटा चुलीत घातल्या होत्या, सुनेनं ट्रंकेत घातल्या. शहाणी कोण ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रफीक आला नाही. मालकाचं कुटुंब परतलं तेव्हा घर लुटलेलं होतं, दार उखडलेलं होतं आणि आत कुणी नव्हतं. उस्माननं अर्ज केले, फोटो पाठवले, परत आलेल्या माणसांची दारं ठोठावली. मेला म्हणून कुणी सांगेना, आहे म्हणूनही सांगेना. दोन वर्षांनी त्यानं जेद्दाचा व्हिसा घेतला. त्याला पुढे पूर्वेकडे अबकैकच्या तेलाच्या प्लांटातल्या कँटीनमध्ये याच्या दुप्पट पगाराची जागा मिळत होती, गेला नाही. त्याचं गणित साधं होतं. रफीकच्या मनात आईला घेऊन हजला यायचं होतं. दुनियेतला मुसलमान जमलं तर एकदा तरी या वाटेनं येतो. रफीक आला तर जेद्दावरूनच येणार. आणि तो नाही तर त्याचं नाणं तरी. अडचणीत विकलं, हरवलं, कुणाला दिलं, तरी फिरत फिरत जुन्या नाण्यांच्या दुकानात येणार. आणि ते अंगावरचं असणार, म्हणजे गुळगुळीत असणार. मातीतल्या नाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

एकदा मी न राहवून बोललो. म्हटलं, उस्मानभाई, ज्या खात्यात इतकी वर्षं एक नोंद नाही, ते खातं आम्ही बंद करतो. तो हसला. मला वाटलं रागावेल, पण हसला, आणि माझ्यासाठी चहा सांगितला. पुढल्या रमजानात मी गुपचूप दुसरी पिशवी उचलून त्याच्यामागून चालू लागलो. आमचा तो रिवाजच पडला. तो आपली घेणार, मी रफीकची.

या सगळ्याला आईचा वचक होता. कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे, त्यांच्यात मयत समोर नसली तरी जनाज्याची गायबाना नमाज पढता येते. गावच्या चार जाणत्यांनी आईला अनेकदा सांगून पाहिलं की पढून टाकू, पोराच्या जिवाला शांती मिळेल. तिनं त्यांना उंबऱ्यातूनच परत धाडलं. दहाएक वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा उस्मानभाईला सुट्टी मिळेपर्यंत उशीर झाला होता. फोनवर तिनं त्याला दोन गोष्टी सांगितल्या. खूण दिसल्याशिवाय रफीकची नमाज पढायची नाही, आणि त्याचा फितरा चुकवायचा नाही. आई गेली त्या दिवशी तो दुकानात आला, नेहमीसारखी काच पुसली आणि काचेखालच्या कुवेती नोटांवर कपडा टाकला. लोक त्या नोटा आठवण म्हणून घ्यायचे. त्यानं त्यांना कधी हात लावला नव्हता, गिऱ्हाइकाला द्यायच्या तरी अम सालेहला उठवायचा.

मग अम सालेहही गेला. दुकान त्याच्या मुलाकडे आलं. मुलगा वाईट नव्हता, पण त्याला विकणारं आणि न विकणारं एवढंच कळत होतं. न विकणाऱ्यांत तो दूध पावडरचा डबा होता. खपली धरलेली ती चिनी नाणी कुणी घेईना. त्यानं डबा उस्मानभाईला देऊन टाकला. उस्मानभाईनं तो खोलीवर नेऊन पलंगाखाली ढकलला.

गेल्या वर्षी उस्मानभाईची बायको, नूरुन्निसाभाभी, इकडे आली. मुलगी अफशाँ नवऱ्याबरोबर अबकैकला असते, जावई झैद तिथे प्लांटात आहे. तिला मुलगा झाला, झयान. बाळंतपणासाठी भाभी व्हिजिट व्हिसावर अबकैकला गेली, आणि चाळीस दिवस झाल्यावर मुलगी, जावई, नातू असे सगळे उमऱ्यासाठी जेद्दाला आले. भाभी म्हणजे गोल चेहऱ्याची, घाईची, हसरी बाई. आल्या आल्या तिनं मला सुकट आणि आमसुलं दिली, आणि माझा मुलगा शर्विल तिच्याशी इंग्रजीत बोलला तेव्हा तिनं त्याला कोकणीत उत्तर दिलं, दोघंही खूश. अकीका लांबला होता, तो शुक्रवारी जेद्दातच करायचं ठरलं. मला जेवायला बोलावलं. हेमलतेचा उपास होता, म्हणून मी एकटाच गेलो.

अकीका म्हटल्यावर भाभीला आजेसासूची चाल आठवली. पोराला नाणं बांधायचं. तिनं नवऱ्याला विचारलं. त्याच्या गळ्यातलं तो देईना, काचेखालची चांगली नाणी मालकाच्या मुलानं मोजून ठेवलेली. तो म्हणाला, पलंगाखाली डबा आहे, त्यातलं एखादं घे. आणि दुकानात निघून गेला. धुवू नको, हे त्यानं सांगितलं नाही. जे आपल्याला रोजचं असतं ते दुसऱ्याला सांगायचं राहून जातं.

तिनं डबा उघडला तर आत हिरव्या खपल्या. असलं काही तान्ह्या पोराच्या अंगाला लावायचं? तिनं तेच केलं जे आमच्याकडची कुठलीही बाई तांब्यापितळेवर हिरवं चढलं की करते. टोपभर पाण्यात मूठभर आमसुलं कोळली, मीठ टाकलं, सगळी नाणी बुडवून वर ताट झाकून ठेवलं. गुरुवारचा दिवसभर नि रात्रभर. शुक्रवारी सकाळी सगळे मशिदीत जायच्या तयारीत होते तेव्हा ती न्हाणीघरात बसून एकेक नाणं आमसुलाच्या चोथ्यानं घाशीत होती.

जुम्म्याची नमाज आटोपून उस्मानभाई आणि झैद परतले, तेव्हा मी जिन्यातच भेटलो. वर गेलो. दार उघडं होतं. जमिनीवर टॉवेल पसरलेला, त्यावर नाणी वाळत घातलेली, लख्ख, कालच पाडल्यासारखी. मला हसूच आलं. म्हटलं, आता ऐका, आज बिर्याणीआधी शिव्या. उस्मानभाईचा चेहरा तांबडा झालाच होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं, कारण भाभी टॉवेलाशेजारी भिंतीला टेकून बसली होती. आतल्या खोलीत झयान रडत होता आणि ती उठत नव्हती. तिची उजवी मूठ मिटलेली होती.

तिनं मूठ उघडली.

"ह्याला एक टिंब हाय," ती म्हणाली.

तो तिच्यासमोर खाली बसला. ते नाणं त्यानं घेतलं, नख फिरवलं. मग गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला आणि आपलं नाणं त्याच्या शेजारी धरलं. मी वाकून पाहिलं. एक टिंब आणि दोन टिंबं. तिन्ही बीजेच्या चंद्रासारखी, तिन्हींची एकच कड तुटलेली.

मला वाटलं, आता हा रडेल, किंवा शुक्र अल्लाचा म्हणेल. इतकी वर्षं ज्याच्यासाठी काढली ते हातात आलं होतं. त्यानं ते पालथं केलं, उजेडाकडे धरलं, आणि बायकोला विचारलं, ह्याच्यावर काय होतं? हिरवं होतं की काळं? पांढरं होतं का जरा? वाळू होती? ती म्हणाली, सगळी हिरवीच होती हो, पाण्यात एकत्र टाकली, मला काय ठाऊक. तो माझ्याकडे वळला. तू तर डबा किती वेळा पाहिलास, तू आकडे लक्षात ठेवतोस, तुला आठवतं का काही? मला काहीच आठवत नव्हतं. हिरवी खपली ही हिरवी खपली. आठवावं असं त्यात काही असेल, हे कुणाच्या मनात आलं होतं?

मग तो हळूच म्हणाला, "अंगावरचा नाणा असा होत नाय, सदा. वरसानुवरसं मातीत पडावा लागतो."

तेव्हा मला समजलं की त्याला दोन्ही गोष्टी एका क्षणात मिळाल्या होत्या. भावाचं नाणं मिळालं होतं आणि भाऊ मातीत आहे हेही कळलं होतं. माती कुठली, ते मात्र न्हाणीघरातून वाहून गेलं होतं. बसऱ्याची, वाळवंटातली, कुवेतच्या किनाऱ्याची, कुणास ठाऊक. नाणं धुतलं नसतं तर टिंब दिसलं नसतं, आणि धुतलं म्हणून माती गेली. ते किती वर्षं पलंगाखाली आणि त्याआधी किती वर्षं दुकानात त्याच्या पायाशी पडून होतं, कुणी आणलं होतं, बसऱ्याच्या हाजीनं की कुवेतच्या भंगारवाल्यानं, हे सांगायला अम सालेह उरला नव्हता. ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी आणणाऱ्याला विचारता आलं असतं. उस्मानभाईनंच ते "मातीतला हाय" म्हणून डब्यात टाकलं असणार. त्यानं हे तोंडानं म्हटलं नाही, पण मी त्याला वीस वर्षं ओळखतो. मला त्या क्षणी फार राग आला, आणि तो कुणावर काढावा ते समजेना. अम सालेहच्या शिकवणीवर की भाभीच्या आमसुलांवर? दोन्ही आपापल्या जागी खरी होती.

भाभी रडू लागली. मी धुवायला नको होतं, मी पुसून टाकलं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. तापट माणूस तो, पण तिच्याजवळ सरकून बसला. तिच्या बोटांना आमसुलाचा लाल रंग चढला होता, तो आपल्या रुमालानं पुसत राहिला. मग म्हणाला, "तुझ्यामुळं गावला. मी तर बघितलाच नसता."

न्हाणीघरात शेवटच्या धुण्याचं पाणी टोपात तसंच होतं, निळसर हिरवं, तळाशी चिमूटभर गाळ. त्यानं ते पाणी फडक्यातून गाळलं आणि गाळ खिडकीत वाळत घातला. मी म्हटलं, उस्मानभाई, यात सगळ्याच नाण्यांची माती आहे, त्यातली रफीकची कुठली ते कसं समजणार. म्हणाला, असू दे, बाकीचेही कुणाचे तरी असतील.

असरनंतर खाडीकडची चार माणसं आली. बिर्याणी तशीच झाकून ठेवलेली. खोलीतलं सामान भिंतीला सरकवून त्यांनी रांग धरली. झयान माझ्याकडे दिला, कारण बायका आत होत्या आणि पुरुषांत नमाज न पढणारा मी एकटाच. पोर माझ्या शर्टाला तोंड लावून चुळबुळत होतं. मला वाटलं होतं की ही नमाज बराच वेळ चालेल. पण तिच्यात वाकायचं नसतं, माथा टेकायचा नसतो, उभ्यानंच होते. आईनं इतकी वर्षं अडवून धरलेली ती नमाज पाच मिनिटांत संपली. सलाम फिरवून उस्मानभाई तसाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. झैदनं त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा वळला.

झयानला त्या दिवशी नाणं बांधलं नाही. पुढेही नाही. भाभी गावी परतली तेव्हा कागदाच्या पुडीतला गाळ घेऊन गेली आणि कब्रस्तानात सासूच्या पायाशी पुरला. ट्रंकेतल्या दिनारांचं काय केलं ते मी विचारलं नाही. उस्मानभाई दुकानात येतो, बसतो. चिनी नाणं आलं तर भाव सांगतो आणि काचेखाली ठेवतो, दारात जात नाही. बनियनच्या आत आता दोन नाणी असतात, पायरी उतरताना वाजतात. मालकाचा मुलगा म्हणतो, म्हातारा थकला, खुरूज, कायमचं परत जायचा शिक्का, मारून गावी पाठवू या. उस्मानभाईही हो म्हणतो. आता त्याला इथे थांबायचं काही कारण नाही.

यंदाचा रमजान आला. शेवटच्या दिवसांत आम्ही दोघं नेहमीच्या ढिगाशी गेलो. त्यानं एक पिशवी बगलेत मारली आणि पैसे काढायला खिशात हात घातला. मी सवयीनं वाकून दुसरी उचलली. त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, सदा. फितरा जित्या माणसाचा असतो."

मी ती पिशवी परत ढिगावर ठेवली.